शिट्टीवाले महाराज

अमरावतीत अंबागेटच्या आत राहणाऱ्या रविकांत उपाध्ये या भटजीबद्दल मी चार चांगले शब्द लिहीन असं दहा वर्षांपूर्वी कोणी म्हटलं असतं, तर मी त्याची कॉलर धरली असती. भटजी या प्रकाराशी माझं जमत नाही. लग्न मी कोर्टात केलं, बापाचं तेरावं घातलं नाही, आणि घर बांधलं तेव्हा नारळ फोडला तो चटणीसाठी. पण हा माणूस भटजी आहे तसाच फुटबॉलचा रेफ्री आहे, आणि दोन्ही धंदे एकाच अंगावर वागवणारा दुसरा कोणी मला माहीत नाही.

सकाळी सत्यनारायण, दुपारी यजमानाकडे जेवण, चार वाजता मैदान. स्कूटरच्या डिकीत पळी-पंचपात्र, पोथी आणि त्यांच्याच खाली चुरगळलेली काळी हाफपँट. धोतर फेडून ती पँट चढवायला त्यांना रस्त्यातली कुठलीही रसवंती चालते. घाईत कपाळाचं गंध पुसायचं राहून जातं. मग काळ्या ड्रेसवर, खिशात लाल-पिवळी कार्डं आणि कपाळावर गंध, असा अवतार मैदानात उतरतो. आमच्याकडे भटजीला महाराज म्हणतात, म्हणून हे रेफ्री महाराज.

यांचे वडील केशवराव, कडक माणूस. पोरगा गल्लीतल्या पोट्ट्यांबरोबर फुटबॉल खेळून राहिला हे त्यांना कळलं ते पोराच्या कपाळावरच्या मातीच्या गोल छापावरून. चेंडू चामड्याचा. चामडं, आणि तेही डोक्यानं मारायचं. पोराला विहिरीवर उभं करून बादल्या ओतल्या, जानवं बदललं, खेळ बंद. पण पोरगाही उपाध्यांचाच होता. शास्त्रातून वाट काढायची कला घरातलीच. त्यानं विचारलं, चेंडूला न शिवता मैदानात उभं राहिलं तर चालेल का? केशवरावांनी बराच विचार करून सांगितलं, चालेल. झालं. मैदानात चेंडूला न शिवणारा एकच माणूस असतो.

पुढे कित्येक वर्षं हा रेफ्री चेंडू हातात घेत नसे. लाईन्समननं तो आणून मध्यावर ठेवायचा आणि महाराजांनी लांबून बोटानं 'जरा डावीकडे' सांगायचं, चौरंग मांडून घेतल्यासारखं. केशवराव गेले, दिवस झाले, आणि लगेचच्या अकोल्याच्या मॅचला महाराज स्वतः चेंडू काखेत मारून आले. कोणी म्हणालं, महाराज, बाटले. ते म्हणाले, अरे हा रेग्झिनचा आहे, कधीपासून रेग्झिनचेच येतात. मग बापाला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. म्हणाले, त्यांनी कुठे विचारलं?

आता आमच्या लीगबद्दल. अमरावती आणि अकोला, दोन जिल्ह्यांतल्या टीमा. जिनिंगवर काम करणारे, एसटी वर्कशॉपातले, मास्तरांची पोरं, दूध घालणारे, दोन-चार वकील. पोट भरून उरलेल्या वेळात खेळणारे लोक. यातल्या निम्म्या घरांत महाराजांनी कुणाचं लग्न लावलंय, कुणाचं बारसं, कुणाच्या आजीचे दिवस केलेत. म्हणून मॅचच्या आधी निम्मी टीम रांगेनं त्यांच्या पाया पडते. अकोल्याची मुसलमान पोरं पाया पडत नाहीत, सलाम करून छातीला हात लावतात. आणि एकदा पाया पडल्यावर शिवी देणार कशी? तुमच्या बायकोच्या डोक्यावर ज्यानं अक्षता टाकल्या त्याला आईवरून बोलायला जीभ उचलत नाही. जे काय बोलायचं ते अदबीनं. "महाराज, डोळे आहेत का शाळिग्राम?" किंवा, "ऑफसाईडचा मुहूर्त टळला वाटते महाराज." एवढंच.

मोकळ्या तोंडानं शिव्या देणारा मी एकटा. माझ्या घरात त्यांचा हात कशालाच लागलेला नाही, आणि मी चांदूर रेल्वेच्या लाईनपार क्रीडा मंडळाचा सेक्रेटरी आहे. ते काम शिव्यांशिवाय होत नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी पुण्याकडच्या एका मोठ्या क्लबला आपली राखीव टीम खेळवायला जागा हवी होती. मोठ्या टीममध्ये ज्यांचा नंबर लागत नाही ती पगारी पोरं, त्यांचे पाय गंजू नयेत म्हणून मॅचेस पाहिजे होत्या. आमच्या जिल्हा संघटनेनं त्यांना पायघड्या घातल्या. अध्यक्ष भगवंतराव, वकील माणूस, भाषण ठोकलं की व्यावसायिकांसोबत खेळून आमची पोरं घडतील. घडली की. अकोल्यानं नऊ गोल खाल्ले, वर्कशॉपवाल्यांनी अकरा. रिझर्व्हवाल्यांना कप मिळणार नाही आणि वरच्या लीगमध्ये जाताही येणार नाही, असा नियम होता. म्हणजे जिंकून त्यांना काही मिळत नव्हतं. तरी सगळ्यांना तुडवून जायचे. जावई सासुरवाडीला येतो तसे, पाटावर बसा आणि नावं ठेवा.

हॉटेलात मुक्काम. मॅच झाली की बर्फाच्या टबात बसायचे. त्यांच्यासोबत एक मालीश करणारा, एक नुसतं पाणी देणारा, आणि एक जण तर म्हणे कोणी किती पळालं ते पाहायला. बचाव सांभाळणारा आमचा स्टॉपर आणि कॅप्टन नितेश जिनिंगवरून कापसाच्या गाठी चढवून, डोक्यात सरकी घेऊन मैदानात यायचा. लीगच्या आधीच्या एका सरावाच्या मॅचला तर मोठ्या टीमचा, टीव्हीवर दिसणारा स्ट्रायकर यांनी गुडघा बरा झाला का ते पाहायला आमच्या अंगावर सोडला. गुडघा बरा होता. नितेशच्या पायांतून चेंडू काढून त्यानं तीन गोल केले, आणि चौथ्या वेळी नितेशनं त्याच्याकडे सेल्फी मागितला. याला काय म्हणायचं?

महाराजांची पंचाईत यांच्यामुळेच झाली. अकोल्याविरुद्धच्या मॅचला नेहमीप्रमाणे रांग लागली, पाया पडणं झालं, एकानं तर खिशातून विडा काढून दिला. रिझर्व्हवाल्यांचा मॅनेजर केयूर, तिशीच्या आतला, पुण्याचा, चष्मा स्वच्छ. त्यानं हे सगळं फोनवर टिपलं आणि संघटनेकडे पाठवलं. रेफ्रीच्या पाया पडणारी टीम त्यानं जगात कुठे पाहिली नव्हती. भगवंतरावांनी महाराजांना बोलावून सांगितलं, अजून एक तक्रार आली तर तुमची शिट्टी बंद. नागपूरचे रेफ्री बोलावू.

आणि पुढची मॅच होती चांदूर रेल्वेला. रिझर्व्हवाले विरुद्ध लाईनपार.

महाराज स्कूटरवर माझ्याकडे आले. आजवर आले नव्हते. दारात उभे राहिले, आत बोलवलं तेव्हा आले, चहा घेतला. मला म्हणाले, तुमच्या पोरांना सांगा, कोणी पाया पडायचं नाही. मी म्हणालो, माझं तर मागच्या वीस वर्षांपासून हेच म्हणणं आहे. त्यांना हसू आलं नाही. मी म्हटलं, एवढं काय आहे त्या शिट्टीत? पोट तर पूजेवर चालतं. घरात बायकोचा, कुंदाबाईंचा, शाळेचा पगार आहे. गेली शिट्टी तर गेली.

त्यांनी कप खाली ठेवला. "मी मंगलाष्टकं म्हणतो तेव्हा नवरदेव फोटोग्राफरकडे पाहतो, नवरी मेंदीकडे, आणि मांडवातले सगळे पंगतीकडे. उभ्या जन्मात माझा मंत्र कोणी ऐकलेला नाही. शिट्टी वाजवली की बावीस माणसं जागच्या जागी थांबतात."

मी त्यांना सांगितलं, काम झालं समजा.

मग मी डोकं लावलं. नुसतं पाया न पडून भागणार नव्हतं. केयूरला उलटं काहीतरी दिसायला पाहिजे. आमची पोरं रेफ्रीवर चिडतात, भांडतात, इतर जगात होतं तसं. म्हणून मी टीमला शिवी शिकवायला घेतली. खोटं सांगत नाही, तालीम घेतली. नितेशला म्हटलं, मी महाराज आहे, दे. तो म्हणाला, "महाराज, तुमचं थोडं चुकून राहिलं." मी म्हटलं, ही शिवी झाली का बे? पुन्हा प्रयत्न केला, तर म्हणाला, "सर, तुमचं थोडं चुकून राहिलं." सगळे हसले. नितेशच्या लग्नात अक्षता महाराजांच्याच, पोरीचं बारसंही त्यांचंच. मी त्याला घरी नेऊन, दार लावून, एक पूर्ण वाक्य पाठ करून घेतलं. त्याच्या घशाशी आलं, पण आलं.

मॅचच्या दिवशी केयूर मैदान पाहून आधीच बिथरला. काळी माती, हिवाळ्यात तिला भेगा पडतात, पाय घोट्यापर्यंत जातो. त्याचं म्हणणं, इथे आमच्या खेळाडूंचे पाय मोडतील. महाराजांनी सगळं मैदान फिरून पाहिलं, भेगांत रेती भरायला लावली आणि मॅच होईल म्हणून सांगितलं. केयूरनं फोन काढला. पाया पडायला कोणी गेलं नाही. आमची पोरं हात पाठीमागे धरून उभी, तेरवीच्या पंगतीत मीठ मागायला लाजतात तशी. महाराजांचंही गंध पुसलेलं. मला ते उघडं कपाळ कसंतरीच वाटलं, आणि तसं वाटल्याचा रागही आला.

पहिल्या अर्ध्यात आम्ही एकच गोल खाल्ला. रिझर्व्हवाल्यांनी त्या दिवशी पोरंसोरं उतरवली होती, आणि भेगांच्या भीतीनं ती कोंबड्यासारखी पाय उचलून चालत होती. आमच्या लोकांना चढलं. पण शिवी एकही नाही. हाफ टाईमला मी नितेशला बाजूला घेऊन झापलं. भजन करायला आलात का? केयूर पाहून राहिला. तो माणूस शिट्टी गमावून बसेल, मग पड त्याच्या पाया रोज.

दुसऱ्या अर्ध्यात त्यांचा एक फॉरवर्ड बॉक्सच्या तोंडाशी निसटला आणि नितेशनं त्याला मागून पाडला. स्वच्छ फाऊल. आंधळ्यालाही दिसावं असं. महाराजांनी शिट्टी मारली, हात दाखवला. नितेश उठला, माझ्याकडे पाहिलं, छातीत हवा भरली आणि पाठ केलेलं वाक्य सुरुवातीपासून म्हटलं.

"अबे ए आंधळ्या, पोथी वाचाले गेल्ता का डोये घरी ठेवून?" इथपर्यंत छापता येतं. पुढच्या भागात महाराजांची आई होती, केशवराव होते आणि एक जनावर होतं.

कडेला खुर्ची टाकून बसलेली नितेशची आई पार्वताबाई, तिच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. मला वाटलं होतं महाराज पिवळं दाखवतील. त्यांनी वरच्या खिशातून लाल काढलं आणि हात सरळ वर केला.

नितेश बघतच राहिला. बिचाऱ्यानं महाराजांची शिट्टी वाचवण्यासाठी शिवी दिली होती आणि शिट्टीवाल्यानंच त्याला बाहेर काढला. डोळे भरले, आणि मग त्याला जे येतं ते त्यानं केलं. खाली वाकला आणि महाराजांच्या बुटांवर डोकं ठेवलं.

केयूरचा फोन चालूच होता.

दहा जणांत आम्ही पाच-शून्यनं हरलो. मॅच संपल्यावर महाराज माझ्याकडे आले. पार्वताबाई तोवर माझा उद्धार करून दमली होती. महाराजांनी विचारलं, तुम्ही शिकवलं त्याला? मी म्हटलं, हो. योजना चांगली होती, लाल कार्डाची गरज नव्हती. ते म्हणाले, पंचाला आईवरून शिवी म्हणजे लालच, त्यात दुसरं काही बसत नाही. वर म्हणाले, "उच्चार मात्र स्पष्ट होते."

आठवड्याभरात तक्रार आली. संघटनेची बैठक भगवंतरावांच्या ऑफिसात, पक्षकारांच्या बाकावर. केयूरनं व्हिडिओ लावला. नितेशचं डोकं बुटांवर, महाराजांचा हात वर. मी उभा राहिलो आणि आवाज चढवला, की पाहा, पायावर डोकं असताना कार्ड खाली येत नाही, अजून काय पुरावा पाहिजे? पुण्याहून येऊन आम्हाला निष्पक्षपणा शिकवता का? भगवंतराव म्हणाले, बसा. मी बसलो नाही.

केयूर शांत होता. त्यानं सांगितलं, "हे प्रामाणिक नाहीत असं मी म्हणतच नाहीये. त्या दिवशी कार्ड योग्यच होतं. पण हे यांच्या घरी जेवतात, यांच्या मुलांची नावं ठेवतात. उद्या खरंच चूक झाली तर ती चूकच होती हे आमच्या मुलांनी कशावरून मानायचं?"

त्याचं बरोबर होतं. बरोबर बोलणारा माणूस पुण्याचा असला की राग दुप्पट येतो. मी बसलो.

भगवंतरावांनी वकिली तोड काढली. महाराजांनी एक निवडावं. लीगमधल्या खेळाडूंच्या घरचं पौरोहित्य सोडायचं, नाहीतर शिट्टी सोडायची. सगळ्यांना माहीत होतं काय होणार. त्या घरांवर त्यांचा निम्मा संसार. माझ्या मनात आलं, आता हात जोडून उठतील आणि स्कूटरला किक मारतील.

महाराजांनी विचारलं, "लीगमधले सगळे खेळाडू?"

"सगळे," भगवंतराव म्हणाले.

"मग येत्या पौर्णिमेला तुमच्याकडेही येता येणार नाही. तुमचा सोहम वर्कशॉपकडून खेळतो."

भगवंतरावांचं तोंड पाहण्यासारखं झालं. पौर्णिमेच्या सत्यनारायणाला अख्खं बार असोसिएशन बोलावलेलं. ते म्हणाले, घरगुती गोष्ट वेगळी. केयूर म्हणाला, वेगळी कशी? भगवंतराव माझ्याकडे वळले, जसं काही मी त्यांना सोडवणार. मी शेंगदाणे खात होतो.

"मी घरं सोडतो," महाराज म्हणाले. सगळ्यांसमोर, एवढंच. शिट्टी राहिली.

कुंदाबाईंनी घरी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, म्हणजे आता दुपारी घरी जेवणार, भाजी सांगत जा आदल्या दिवशी. आणखी काही बोलल्या असतील तर ते मला ठाऊक नाही.

बोंब झाली ती बाहेर. नितेशनं लाईनपारला दोन खोल्यांचं घर बांधलं होतं, वास्तुशांत तोंडावर. पार्वताबाई एसटीनं अमरावतीला गेली आणि अंबागेटच्या आत उपाध्यांच्या पायरीवर जाऊन बसली. मी सोबत होतो, कारण तिच्या मते हे सगळं माझ्यामुळे झालं होतं. तिनं आधी विनवलं, मग पोराचा लहानपणापासूनचा इतिहास सांगितला, आणि महाराज काही हलत नाहीत पाहून पदर खोचला.

"महाराज, देवाचं काम सोडून चेंडूच्या मागं पळता, लाज नाई वाटत? माया घरात भूत येईन ना."

"नाही यायचं भूत. आठवले गुरुजींना सांगतो, ते करतील."

"ते आठवले? अर्ध्या घंट्यात आटोपते तो मानूस. माया सासूचं तेरावं त्यानं केलं, मातारी अजून सपनात येते." मग ती खरंच बोलली. नितेशला जे शिकवायला मला दार लावावं लागलं होतं, ते या बाईला जन्मजात येत होतं. गल्लीतले लोक खिडकीत आले. महाराज दारात उभे राहून शेवटपर्यंत ऐकत राहिले, आणि ती थांबल्यावर पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला. तिनं पाणी पिलं आणि गेली. आठवले गुरुजींनी वास्तुशांत केली. अर्धा तासच लागला. पार्वताबाई घड्याळ घेऊन बसली होती.

त्याच दिवशी दुपारी अमरावतीला परतीची मॅच, तेच रिझर्व्हवाले. पार्वताबाईनं निघताना माझ्या हातात डबा दिला. प्रसादाचा शिरा, वर केळाचं पान. म्हणाली, रागानं बोलली मी, त्याले दे, आनं सांग का तूप घरचं आहे.

मैदानावर महाराज नेटच्या गाठी तपासत होते. पलीकडे केयूरची पोरं पिवळ्या शंकूंच्या मधून पळत होती, आमचे लोक बॅगांवर बसून बूट बांधत होते. नितेशनं लांबूनच मान हलवली, महाराजांनीही. मी डबा पुढे केला. पार्वताबाईनं दिला, वास्तुशांतीचा प्रसाद, तूप घरचं.

त्यांनी झाकण उघडलं. वास आला असणार, मला तर येत होता. मग झाकण लावलं आणि डबा परत माझ्या हातात दिला.

"खेळाडूच्या घरचा आहे. मला चालत नाही."

प्रसादाला नाही म्हणणारा भटजी मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना सांगितलं की प्रसादाला नाही म्हणू नये, कथेतल्या कलावतीचं काय झालं ते ऐका, तो फुटबॉलच्या नियमावर बोट ठेवून शिरा परत करत होता. मी म्हटलं, अहो, केयूर तिकडे आहे, कोण पाहतंय? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की उभ्या आयुष्यात मला कोणी भटजी रागावला नव्हता तो तेव्हा रागावला. मग मी तिथेच, कॉर्नरच्या झेंड्यापाशी उभ्यानं सगळा शिरा खाल्ला. देवाधर्माशी माझं भांडण आहे, तुपाशी नाही.

महाराजांनी घड्याळ पाहिलं, दोन्ही कॅप्टनांना हात करून बोलावलं. जाता जाता मला म्हणाले, तुमच्या खुर्च्या लाईनच्या फार जवळ लागल्यात, मागे घ्या. मी म्हटलं, घेतो. घेतल्या नाहीत. त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि मी खुर्च्या मागे घेईपर्यंत मॅच सुरू केली नाही.